जुन्या ब्लॉकवर प्रबंध करायचाय? अँटिबॉडीच्या आधी फॉर्मॅलिन बघा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमध्ये एमडी पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला प्रबंधाचा विषय ठरवायचाय. मनात आहे तोंडाचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (तोंडाच्या आतल्या त्वचेचा कॅन्सर), विभागातले गेल्या पाच वर्षांचे पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) आणि त्यांच्यावर पी-१६ व की-६७ (विभाजन होणाऱ्या पेशींच्या केंद्रकातलं प्रथिन) यांची आयएचसी, म्हणजे अँटिबॉडीने ऊतीतलं ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी. चाचणीसाठी दहा ब्लॉक कापून रंगवले. सहा ठीक आले. चारांमध्ये कडेला गडद रंग आणि मध्यभाग कोरा. विभागाच्या वार्तापत्रात मात्र 'संशोधन प्रकल्प सुरू' अशी ओळ छापूनही आली. आता विचारणा आहे की अँटिबॉडीची कंपनी बदलावी का.

नका बदलू. त्या चार स्लाइड आधी पुन्हा मायक्रोस्कोपखाली घ्या. 'कडेला गडद, मध्ये कोरं' या एकाच तक्रारीमागे तीन वेगवेगळी कारणं असतात आणि ती नुसत्या डोळ्यांनी वेगळी करता येतात. कडेचा तपकिरी रंग केंद्रकात नसून सगळीकडे, अगदी स्ट्रोमातल्या (गाठीभोवतीच्या आधार-ऊतीतल्या) तंतूंवरही पसरलेला असेल, तर तो रंग खरा नाही; स्लाइड कुठल्यातरी टप्प्यावर कडेने वाळली. कोरा भाग गोल किंवा लांबट आणि त्याची सीमा ब्लेडने कापल्यासारखी तीक्ष्ण असेल, तर तिथे हवेचा बुडबुडा बसला होता किंवा अँटिबॉडीचा थेंब पोचलाच नाही. पण कडेच्या पेशींमध्ये की-६७ नीट केंद्रकातच दिसतोय आणि आत जाता जाता हळूहळू विरत गेलाय, तर दोष फिक्सेशनचा, म्हणजे ऊती फॉर्मॅलिनमध्ये टिकवण्याचा, आहे. मधला भाग फॉर्मॅलिनमध्ये फिक्स झालाच नाही; तो थेट प्रोसेसरमधल्या (तुकड्यातलं पाणी काढून मेण भरणारं यंत्र) अल्कोहोलमध्ये आकसला. अँटिजेन रिट्रीव्हल, म्हणजे रंगवण्याआधी गरम बफरमध्ये प्रथिनं मोकळी करणं, आपण बसवतो ते फॉर्मॅलिनने फिक्स झालेल्या ऊतीसाठी. अल्कोहोलने आकसलेल्या ऊतीवर ते त्याच तऱ्हेने काम करत नाही. कितीही महागडी अँटिबॉडी आणली तरी तो भाग भरून निघणार नाही.

एक साधा पडताळा आहे. त्याच सेक्शनमध्ये गाठीशेजारची सामान्य श्लेष्मल त्वचा असेल तर तिच्या बेसल आणि पॅराबेसल थरांत की-६७ दिसायलाच हवा. तिथेही नसेल तर त्या जागी गाठीतला 'निगेटिव्ह' निगेटिव्ह म्हणून धरायचा नाही. तो 'मोजण्यायोग्य नाही' या रकान्यात जातो. हा रकाना बहुतेक प्रबंधांच्या मास्टर चार्टमध्ये (सगळ्या रुग्णांच्या नोंदींच्या तक्त्यात) नसतोच, आणि माझ्या मते खोट्या निष्कर्षांचं सगळ्यात मोठं भांडार तिथेच आहे.

आता मुळाशी जाऊ. फॉर्मॅलिन ऊतीत शिरतं ते सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने, आणि पुढे वेग मंदावतो. खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. शिवाय शिरणं म्हणजे फिक्स होणं नव्हे. प्रथिनांचे दुवे जुळायला पुढे कित्येक तास जातात. म्हणून जिभेचा अर्धा भाग किंवा जबड्यासकट काढलेला कंपोझिट नमुना शनिवारी दुपारी अख्खा बरणीत टाकला आणि सोमवारी सकाळी ग्रॉसिंगला, म्हणजे तपासून तुकडे पाडायला, घेतला, तर बाहेरून कडक आणि कापल्यावर आतून गुलाबी, ओलसर असा मिळतो. त्याच दिवशी तुकडे घेऊन संध्याकाळी प्रोसेसर लावला की तुमच्या त्या चार स्लाइड तयार. स्तनाच्या कॅन्सरच्या ईआर, पीआर, हर-२ या तपासण्यांसाठी जो नियम आहे तोच तोंडाच्या गाठीलाही लावा: नमुना शरीराबाहेर आल्यापासून एका तासात फॉर्मॅलिनमध्ये, आणि फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ तास, कमाल ७२. नमुना मोठा असेल तर दिशा ओळखून, मार्जिनला (नमुन्याच्या कापलेल्या कडेला) शाई लावून, ५ मिलिमीटरच्या अंतराने उघडायचा आणि मध्ये फॉर्मॅलिनने भिजवलेले गॉझचे तुकडे ठेवायचे. कॅसेटमधला तुकडा ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको. झाकण दाबून बसवावं लागलं तर तुकडा जाड आहे, एवढं ओळखावं.

फॉर्मॅलिन नमुन्याच्या निदान दहा पट, जमल्यास वीस पट. बरणी रुंद तोंडाची. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबून घातलेला नमुना फिक्स झाल्यावर बाहेर काढायला बाटली फोडावी लागते, आणि तोवर बाटलीचा आकार घेतलेल्या त्या गोळ्याचं मार्जिन कुठलं हे कोणीच सांगू शकत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांकडून येणाऱ्या नमुन्यांत कधी बरणीत फॉर्मॅलिनऐवजी नॉर्मल सलाइन निघतं, कधी स्पिरिट. सलाइनमध्ये नमुना कुजत येतो. स्पिरिटमधला दिसायला बरा असतो, म्हणून जास्त फसवतो. नमुना घेणाऱ्याने झाकण उघडून वास घ्यावा आणि द्रव कोणता ते रजिस्टरमध्ये लिहावं. दहा सेकंदांचं काम आहे. पाच वर्षांनी कोणाचा तरी प्रबंध त्यावर उभा राहणार असतो.

न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन विभागात बनवायला अवघड नाही. बाजारातल्या ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचे १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट निर्जल ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास यायला हवा. पीएच पट्टीने बघा आणि तारखेसह कॅनवर लिहा. फॉस्फेटच्या बाटलीवर मोनोहायड्रेट आहे, डायहायड्रेट आहे की निर्जल हे न बघता वजन केलं की बफर चुकतो. ही चूक फार जुनी आहे आणि अजून होते. ज्या विभागात '१० टक्के फॉर्मॅलिन' म्हणजे नळाच्या पाण्यात दहापट पातळ केलेलं फॉर्मल्डिहाइड, तिथे ते ठेवल्या ठेवल्या आम्लधर्मी होत जातं, कारण फॉर्मल्डिहाइडचं हळूहळू फॉर्मिक आम्ल बनतं. कॅनच्या तळाशी संगमरवराचे खडे टाकण्याची पद्धत आहे. खड्यांवर आहे तोवरच ते उदासीन राहतं, बरणीत ओतलं की पुन्हा आम्लाकडे. अशा फॉर्मॅलिनमध्ये रक्ताळ ऊतीवर काळपट तपकिरी दाणे बसतात, ते फॉर्मॅलिन पिगमेंट. डॅबच्या (आयएचसीतल्या रंगद्रव्याच्या) तपकिरी रंगाशी त्याची गल्लत होते. ध्रुवित प्रकाशात ते चमकतं, डॅब चमकत नाही. पिक्रिक आम्लाच्या संपृक्त अल्कोहोली द्रावणाने ते काढता येतं, पण आयएचसीच्या आधी ती कसरत करण्यापेक्षा तो ब्लॉक वगळलेला बरा.

नाशिकच्या थंडीची एक गोष्ट इथे येते. डिसेंबर-जानेवारीत खिडकीजवळ ठेवलेला फॉर्मल्डिहाइडचा कॅन सकाळी दुधाळ दिसतो, तळाशी पांढरा साका बसतो. तो पॅराफॉर्मल्डिहाइड. वरचं पाणी ओतून घेऊन नेहमीच्या मापाने पातळ केलं तर प्रत्यक्षात फॉर्मल्डिहाइड कमीच पडतं आणि महिनाभराचे सगळे नमुने अर्धवट फिक्स होतात. कॅन फ्रिजमध्ये किंवा उघड्या व्हरांड्यात ठेवू नका. उलट मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या ब्लॉकांचं मेण मऊ पडतं, ब्लॉक एकमेकांना चिकटतात, नंबराची चिठ्ठी निघून येते. तुमच्या ब्लॉकांची खोली कोणत्या मजल्यावर आहे, हा संशोधनाचाच प्रश्न आहे.

जबड्याचं हाड असलेले नमुने वेगळे काढा. ते कशात डिकॅल झाले, म्हणजे हाडातलं कॅल्शियम कशाने काढलं, हे टेक्निशियनला विचारा, अहवालात लिहिलेलं नसतं. घाई म्हणून नायट्रिक आम्ल वापरलं असेल तर केंद्रकाचा रंगच नीट येत नाही, मग की-६७ चा प्रश्नच मिटला. फॉर्मिक आम्ल त्या मानाने सौम्य. ईडीटीए सगळ्यात चांगलं, पण आठवडे घेतं, म्हणून रोजच्या कामात फारसं कोणी वापरत नाही. सोपा उपाय असा की गाठीचा मऊ भाग हाडापासून सोडवून वेगळ्या कॅसेटमध्ये घेतलेला असतो, तोच ब्लॉक निवडायचा.

आता विषयाबद्दल, आणि इथे माझं मत जरा कडक आहे. पी-१६ सोडून द्या. घशाच्या, म्हणजे ऑरोफॅरिंक्सच्या कॅन्सरमध्ये पी-१६ ला अर्थ आहे. तिथे ७० टक्के किंवा जास्त पेशींत केंद्रक आणि सायटोप्लाझम दोन्हींत मध्यम ते तीव्र रंग आला तर तो एचपीव्ही या विषाणूचा पर्यायी पुरावा मानतात, आणि एजेसीसीच्या (कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकन समितीच्या) आठव्या आवृत्तीत त्यावर वेगळं स्टेजिंगही आहे. गालाच्या आतल्या बाजूच्या किंवा जिभेच्या पुढच्या भागाच्या, मशेरी-तंबाखूच्या गाठीला तो नियम लागू नाही. तरीही प्रबंधांमागून प्रबंधांत बक्कल म्यूकोझावर (गालाच्या आतल्या त्वचेवर) पी-१६ करून 'एचपीव्ही पॉझिटिव्हिटी अमुक टक्के' असं लिहिलं जातं. एचपीव्ही डीएनए किंवा ई-६/ई-७ आरएनए तपासल्याशिवाय ते वाक्य लिहिताच येत नाही. परीक्षकाने नेमकं हेच विचारलं तर उत्तर नाही.

त्याऐवजी जे एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या) स्लाइडवर दिसतं ते नीट मोजा. खर्च जवळजवळ शून्य, आणि काम खरं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये डेप्थ ऑफ इन्व्हेजन (गाठ किती खोल शिरली), म्हणजे डीओआय, आठव्या आवृत्तीपासून टी-स्टेजचा (गाठीच्या टप्प्याचा) भाग झाली. ही आवृत्ती २०१८ पासून वापरात आहे. सीमा ५ आणि १० मिलिमीटरच्या आहेत. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत पण खोली ५ च्या वर, तर टी-१ चा टी-२ होतो. गाठ २ ते ४ सेंटिमीटरची आणि खोली १० च्या वर गेली की टी-३. मोजायची पद्धत गवंड्याच्या ओळंब्यासारखी आहे: शेजारच्या सगळ्यात जवळच्या सामान्य श्लेष्मल त्वचेच्या बेसमेंट मेम्ब्रेनची (त्वचेच्या तळाच्या पडद्याची) पातळी धरून एक आडवी रेषा कल्पायची आणि तिच्यावरून गाठीच्या सगळ्यात खोल टोकापर्यंत काटकोनात ओळंबा सोडायचा. गाठीची जाडी वेगळी. फुलकोबीसारख्या बाहेर वाढलेल्या गाठीत जाडी खोलीपेक्षा जास्त भरते, खोल व्रण असलेल्या गाठीत कमी. जुन्या अहवालात 'डीओआय ९ मिमी' लिहिलेलं असलं तरी लिहिणाऱ्याने जाडी मोजली की खोली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. प्रत्येक स्लाइड स्वतः मोजा. ज्या सेक्शनमध्ये सामान्य त्वचा आलेलीच नाही तिथे डीओआय मोजता येत नाही, तो रुग्ण वगळा. आणि बायोप्सीवर डीओआय काढू नका. 'आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे भरपूर ब्लॉक आहेत' असं म्हणताना त्यातले बहुतेक बायोप्सीचे असतात, हे रजिस्टर उघडल्यावर कळतं. रिसेक्शन, म्हणजे गाठ पूर्ण काढलेले नमुने, किती, तेवढीच तुमची खरी संख्या.

डीओआयच्या जोडीला ट्यूमर बडिंग घ्या. गाठीच्या पुढच्या कडेवर सुटी पडलेली एकटी पेशी किंवा चार पेशींपर्यंतचा पुंजका म्हणजे एक बड. मोजण्याची सर्वमान्य पद्धत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी २०१६ साली ठरली. तोंडासाठी ती उसनी घेतो आहोत, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. दहाच्या लेन्सने पुढची कड सगळी फिरून जिथे बड सर्वांत दाट ती जागा शोधायची आणि विसाच्या लेन्सने एक फील्ड मोजायचं. ० ते ४ कमी, ५ ते ९ मध्यम, १० किंवा जास्त म्हणजे तीव्र. हे आकडे ०.७८५ चौरस मिलिमीटर क्षेत्रासाठी आहेत, आणि इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. तुमच्या आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) '१०एक्स/२२' असं कोरलेलं असेल तर विसाच्या लेन्सला फील्डचा व्यास २२ भागिले २०, म्हणजे १.१ मिलिमीटर, क्षेत्र ०.९५ चौरस मिलिमीटर. म्हणजे मोजलेल्या आकड्याला १.२१ ने भागायला हवं. ११ बड मोजले तर खरी संख्या ९. गट तीव्र नव्हे, मध्यम. आयपीस २० चा असेल तर व्यास बरोबर १ मिलिमीटर आणि भागायची गरजच नाही. १८ चा असेल तर ०.८१ ने भागावं लागतं, म्हणजे आकडा वाढतो. तुम्ही रेसिडेंट रूमच्या मायक्रोस्कोपवर आणि गाइड त्यांच्या केबिनमधल्या मायक्रोस्कोपवर मोजणार असाल तर दोन्ही आयपीसवरचे आकडे आधी वाचून या. जिथे कडेवर लिम्फोसाइट दाटलेत तिथे बड ओळखणं कठीण जातं. केराटिनची (गाठीच्या पेशींतल्या प्रथिनाची) आयएचसी तिथे मदत करते, पण केराटिनवर आकडा नेहमी जास्त भरतो, म्हणून मोजणी एच अँड ईवरच.

नमुना किती घ्यायचा? समजा कॅन्सर लसिका ग्रंथींत पसरलेल्या रुग्णांचं प्रमाण ४० टक्के धरलं आणि १० टक्क्यांची चूक चालणार असेल, तर १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग गुणिले ०.४ गुणिले ०.६ भागिले ०.०१, उत्तर ९२.२, म्हणजे ९३. हे ४० टक्के कुठून आणले ते लिहावं लागतं, आणि ते तुमच्याच विभागाच्या रजिस्टरमधून आणलेलं बरं. मी शंभराला वीस जादा ब्लॉक धरायला सांगतो. काढायला गेलं की काही ब्लॉक दुसऱ्या मतासाठी रुग्णाने नेलेले असतात, काहींत गाठ संपलेली असते, काहींवर नंबर वाचता येत नाही. शिवाय हे सूत्र फक्त प्रमाण काढण्यासाठी आहे. तीव्र आणि कमी बडिंगच्या दोन गटांची तुलना करायची असेल तर गणित वेगळं. कम्युनिटी मेडिसिनच्या सरांकडे सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिण्याच्या आधी जा, नंतर नाही.

की-६७ करायचाच असेल तर खर्चाचा हिशेब वास्तवाला धरून करा. ७ मिलीची वापरायला तयार बाटली, एका स्लाइडला १५० मायक्रोलिटर, म्हणजे ४६ स्लाइड. ९३ रुग्णांना दोन बाटल्या पुरतील असं वाटतं आणि ९२ वर संपतात. कंट्रोल आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या स्लाइड वेगळ्याच. तीन लागतील, आणि तिन्ही एकाच लॉटच्या मागवा. लॉट बदलला की जुन्या दहा स्लाइड नव्या लॉटने पुन्हा रंगवून जुळतात का ते बघावं लागतं. कंट्रोल म्हणून टॉन्सिल. त्याच्या जर्मिनल सेंटरमध्ये की-६७ भरगच्च दिसतो आणि बाजूच्या मँटल झोनमध्ये जवळजवळ नसतो, त्यामुळे एकाच तुकड्यात दोन्ही टोकं मिळतात. टॉन्सिलचा छोटा तुकडा प्रत्येक रुग्णाच्या स्लाइडवरच एका टोकाला घ्या. बॅचला एकच वेगळी कंट्रोल स्लाइड ठेवली तर तिसऱ्या स्लाइडवर थेंब पडलाच नाही हे कधीच कळत नाही.

सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे, चार्ज केलेल्या स्लाइडवर. वॉटर बाथ मेणाच्या वितळबिंदूपेक्षा ५ ते १० अंश कमी. सेक्शनखाली पाणी अडकलं तर रिट्रीव्हलमध्ये तिथूनच ऊती उचलली जाते, म्हणून स्लाइड उभी ठेवून निथळू द्या आणि रात्रभर ३७ अंशांवर वाळवा. रिट्रीव्हल सायट्रेट पीएच ६ मध्ये की ट्रिस-ईडीटीए पीएच ९ मध्ये, हे अँटिबॉडीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तापमान ९५ ते ९८ अंश, २० मिनिटं, आणि नंतर त्याच बफरमध्ये आणखी २० मिनिटं थंड होऊ देणं. घाईने नळाखाली धरलेली गरम स्लाइड म्हणजे घडी पडलेला सेक्शन. कापून ठेवलेले सेक्शन सहा आठवड्यांहून जुने वापरू नका, रंग फिका पडत जातो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी शंभर ब्लॉक कापून ठेवायचे आणि जानेवारीत रंगवायचे, हे चालणार नाही.

ब्लॉक पुन्हा पुन्हा मायक्रोटोमवर चढवू नका. दर वेळी पृष्ठ सपाट करताना ऊती फुकट जाते. एकाच बैठकीत क्रमाने घ्या: पहिला सेक्शन एच अँड ई, मग आयएचसीचे दोन-तीन, शेवटी पुन्हा एक एच अँड ई. शेवटच्यातही गाठ दिसली तर मधल्या सगळ्यांत आहे. आणि ब्लॉकमधली गाठ पूर्ण संपवायची नाही. उद्या त्या रुग्णाला उपचारासाठी तपासणी लागली तर तोच ब्लॉक लागेल. रुग्णाचा एकच ब्लॉक असेल आणि त्यात गाठ जेमतेम असेल तर तो अभ्यासात घेऊ नका.

की-६७ चा कट-ऑफ (कमी-जास्त ठरवणारी सीमा) आकडे बघून नंतर ठरवायचा नाही. १० टक्के घेतला तर पी-व्हॅल्यू लक्षणीय येत नाही, १८ घेतला तर येते, म्हणून १८, अशी 'संशोधनं' ओळखू येतात. सिनॉप्सिसमध्येच लिहून टाका.

दोन निरीक्षकांनी एकमेकांचं न बघता मोजणं आणि कप्पा (योगायोग वगळून उरलेल्या एकमताचं माप) काढणं आता सगळेच करतात, पण कप्पाचा अर्थ फार थोडे लावतात. समजा ५० स्लाइड. दोघांनीही 'तीव्र' म्हटल्या २०, दोघांनीही 'कमी' म्हटल्या २०, मतभेद ५ आणि ५. एकमत ८० टक्के, निव्वळ योगायोगाने ५० टक्के जुळलं असतं, कप्पा ०.६०. आता दुसरं उदाहरण: दोघांचं 'कमी' ३८, दोघांचं 'तीव्र' २, मतभेद तेच ५ आणि ५. एकमत पुन्हा ८० टक्केच, पण योगायोगानेच ७६ टक्के जुळलं असतं; कप्पा ०.१७. म्हणून नुसती टक्केवारी देऊ नका, चार घरांचा तक्ता द्या. आणि कप्पा कमी आला तर लपवू नका. मतभेदाच्या त्या दहा स्लाइड दोघांनी एकत्र बसून बघितल्या तर व्याख्येतली फट सापडते. प्रबंधातलं सगळ्यात वाचनीय पान बऱ्याचदा तेच असतं.

एथिक्स कमिटीकडे 'जुने ब्लॉक आहेत, संमतीची गरज नाही' असं गृहीत धरून जाऊ नका. उरलेल्या ऊतीवरच्या, कमी जोखमीच्या अभ्यासाला संमतीतून सूट मिळू शकते, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. पण सूट कमिटी देते, गाइड नाही. आणि ती लेखी मागावी लागते. ब्लॉकला अभ्यासाचा वेगळा क्रमांक द्या, नाव आणि क्रमांक जोडणारी यादी गाइडच्या कपाटात ठेवा. स्लाइडचे फोटो काढताना लेबल फ्रेममध्ये येतं, पोस्टरवर रुग्णाचा नंबर झळकतो. हे फार वेळा होतं. नवे रुग्णही घेणार असाल तर मराठी संमतिपत्र लागेल. पेठ-सुरगाण्याच्या माणसाची भाषा कोकणा, बागलाणकडच्याची अहिराणी. 'सदर अभ्यासातील आपला सहभाग ऐच्छिक असून' हे वाक्य त्यांना वाचून दाखवणं म्हणजे संमती घेणं नव्हे. 'नाही म्हणालात तरी इलाज तसाच होईल' असं लिहा. तंबाखूचा इतिहासही तेव्हाच नीट विचारा. फॉर्मवर 'तंबाखू: होय' एवढंच असतं. मशेरी की खैनी की गुटखा, किती वर्षं, कोणत्या गालात धरतात, हे लिहिलेलं असेल तरच ते संशोधनाच्या कामाचं.

नाशिकचाच विषय हवा म्हणून कोणी सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार सुचवेल. विषय चांगला आहे, पण तो ब्लॉकांचा नाही, गावोगाव फिरण्याचा आहे. सोल्युबिलिटी चाचणी लहान बाळांत आणि खूप रक्त कमी असलेल्यांत चुकते, म्हणून पुष्टीला एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) हवंच. आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीचा आकडाही गुंडाळून ठेवावा लागतो. गाडी आणि मनुष्यबळ असेल तरच हात घाला.

वेळेचं गणित: प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो, आणि मधले तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीत (जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या कामात) जातात. पहिल्याच वर्षी बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्सही उरकायचा असतो. म्हणजे हातात असतात ते जेमतेम दीड वर्ष. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, तुमच्या वसतिगृहापासून अर्ध्या-पाऊण तासावर असलं तरी सिनॉप्सिस महाविद्यालयामार्फतच जातो. परिपत्रकातली तारीख बघून एथिक्सचं पत्र महिनाभर आधी हातात येईल असं मागे मोजत या.

वार्तापत्रातल्या त्या ओळीचं काय? पुढच्या अंकात दुरुस्त करून घ्या. 'सुरू' हा शब्द एथिक्सच्या पत्रानंतर वापरायचा. त्याऐवजी 'पाच वर्षांच्या रिसेक्शन नमुन्यांच्या ब्लॉकांची फेरतपासणी चालू, अमुक तपासले, पैकी अमुक वापरण्याजोगे' असं छापलं तर ती बातमीही होते आणि बाहेरच्या विभागातलं कोणी वाचून आपले ब्लॉक देऊही शकतं. मॅपकॉनला (महाराष्ट्रातल्या पॅथॉलॉजिस्टांच्या परिषदेला) पोस्टर न्यायचं तर हेच पहिलं पोस्टर: किती ब्लॉक निकामी निघाले आणि का. असं पोस्टर कोणी नेत नाही, म्हणूनच लोक थांबून वाचतात.

उद्या सकाळी एवढंच करा. बिघडलेल्या चार ब्लॉकांचे नंबर घेऊन आवक रजिस्टर आणि ग्रॉसिंग रजिस्टर शेजारी ठेवा. नमुना आला कधी, कापला कधी, केवढा होता, बरणीत काय होतं, प्रोसेसर कोणत्या रात्री लागला. बरे आलेल्या सहांचंही तेच. बिघडलेले चारही शनिवारी आलेले मोठे नमुने निघाले, तर दुरुस्ती शनिवारी संध्याकाळी करायची आहे: ड्यूटीवरच्या रेसिडेंटने मार्जिनला शाई लावून नमुना उघडून ठेवायचा. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरला चिरा द्यायला सांगू नका, दिशा हरवते. थिएटरकडून फक्त नमुना काढल्याची वेळ बरणीवर लिहून घ्या, घड्याळात बघून, अंदाजाने नाही.